घोडा छाप अनारसे

घोडा येणार की नाही, हे धनतेरसच्या दुपारपर्यंत निखाड्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तूप तापायला ठेवायची वेळ झाली होती. खसखस ताटलीत पसरली होती. अनारशाच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन तुळसाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातच ठाण मांडलं होतं, आणि त्यांना ओलांडल्याशिवाय ना आत जाता येत होतं ना बाहेर. त्यांची सून रमा शेगडीपाशी उभी राहून कोरडी चाळणी पुन्हा पुन्हा पुसत होती. रमेचा नवरा बाबाराव मागच्या अंगणातल्या पेरूपासून पुढच्या फाटकापर्यंत फेऱ्या मारत होते. भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी घ्यायची ही त्यांची नोकरी. माणूस वेळेवर आला नाही की त्यांना एका जागी बसवत नसे, आणि आज तर घोडाच आला नव्हता.

"अवो, एका जागी बसा ना," रमा म्हणाली. "तुमच्या चकरा पाहून माह्यंच डोस्कं फिरून राहिलं."

"चार वाजता गुलाबराव मास्तर येऊन राहिले. व्याही. टाइमाचा पक्का मानूस. आल्या आल्या फराळाचं ताट मांडाचं म्हटलं, त अजून एक अनारसा कढईत नाई. कावून? त घोडा नाई!"

"घोडा घोडा करून राहिला," तुळसाबाई दारातून म्हणाल्या. "भाऊ म्हनून बलावलं असतं त आला नसता का?"

बाबारावांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि ते फाटकाकडे निघून गेले.

घोडा म्हणजे शामराव, बाबारावांचा पाठचा भाऊ. मालगाडीवर गार्ड होता, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचा, आणि गेल्या सहा दिवाळ्यांत त्याने भिलाईच्या या क्वार्टरची पायरी चढली नव्हती. भांडण शेतावरून नव्हतं, वाटणीवरून नव्हतं. भांडण घोड्यावरून होतं, आणि घोडा जाहिरातीतला होता.

चौऱ्याहत्तर साली टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी ती जाहिरात दाखवायचे. रायपूरकडच्या कुठल्याशा कंपनीचं घोडा छाप झटपट अनारसा पीठ. पडद्यावर सून कढईत अनारसा सोडते, तो फुटून तुपात पसरतो, खुर्चीवर बसलेली सासू तोंड फिरवते. सून पदर डोळ्यांना लावते. तेवढ्यात टापा वाजतात, एक फेटेवाला स्वार घोड्यासकट स्वयंपाकघरात शिरतो, कमरेची पुडी काढतो आणि गातो:

रूठी सास और टूटा अनरसा,
कौन बचाए, किसका भरोसा?
घोड़ा आया, पुड़िया लाया,
पानी डालो, लो बन आया!

मग घोडा खिंकाळायचा. असा खिंकाळायचा की पुढच्या रांगेतली माणसं शिट्ट्या मारत बाकांवर चढायची, आणि त्यानंतर पडद्यावर काय चाललंय हे कोणाला दिसत नसे की ऐकू येत नसे.

त्याच साली प्रेमला शामरावची बायको होऊन घरात आली होती. त्याआधी या घरात अनारसे म्हणजे दरवर्षीची शोकसभा. तुळसाबाईंचा गुळाला हात सढळ, आणि त्यांच्या पिठाला दुसऱ्या कोणी बोट लावायचं नाही हा घरचा कायदा. त्यांचे अनारसे तुपात पडले की हसायचे, म्हणजे जाळी फाटून त्यांचा चुरा व्हायचा, आणि त्या चुऱ्याबरोबर तुळसाबाईंची दिवाळी संपायची. त्या वर्षी आईला हसवावं म्हणून दोघा भावांनी शेगडीसमोर ती जाहिरातच करून दाखवली. बाबाराव स्वार झाले, शामराव घोडा झाला, रमेने पदर डोळ्यांना लावून रडणारी सून केली, तिच्या लहानग्या लेकीने, साधनाने, टाळ्या वाजवल्या. शामराव खिंकाळला आणि रमेने डोळ्यांवरचा पदर काढून पाहिलं, तर कढईत सोन्याच्या रंगाचा, जाळीदार, अख्खा अनारसा तरंगत होता!

झालं. त्या दिवसापासून घोड्याशिवाय या घरात अनारसा तुपात पडला नाही. कंपनी बुडाली, पुड्या बाजारातून गेल्या, जाहिरात बंद झाली. तुळसाबाईंनी ते दुकानातलं पीठ तर कधी हातातही धरलं नव्हतं. त्या तीन दिवस तांदूळ भिजवायच्या, रोज पाणी बदलायच्या, सावलीत वाळवून कुटायच्या, आणि मग त्या सगळ्या घाम गाळून केलेल्या पिठासमोर दोन बाप्ये माणसं झटपट पिठाचं गाणं म्हणायची. यात काही गंमत आहे असं घरातल्या कोणाला वाटत नसे. देवासमोर दिवा लावावा तसा घोडा व्हायचा.

मग शामराव गार्ड झाला. त्या दिवाळीला तो पांढऱ्याशुभ्र गणवेशात आला आणि म्हणाला, "दादा, यंदा मी स्वार." बाबाराव म्हणाले, "स्वार मोठा असते." शामराव म्हणाला, "माह्या झेंडीवर अख्खी मालगाडी थांबते, अन मी घरी येऊन घोडा होऊ?" शब्दाने शब्द वाढला, कोणीतरी कोणाच्या नोकरीला पत्र्याचं डबडं म्हणालं, आणि शामराव बायकोला घेऊन भरल्या ताटावरून उठून गेला.

तेव्हापासून अनारसे पुन्हा हसायला लागले. बाबारावांनी उपाय कमी केले नाहीत. एका वर्षी ते स्वतःच आधी स्वार आणि मग घोडा झाले. एका वर्षी प्लांटचा भोंगा वाजताना अनारसा सोडून पाहिला. एकदा तर ते टेपरेकॉर्डर घेऊन दुर्ग स्टेशनबाहेर टांग्याच्या घोड्यापाशी जाऊन बसले. घोडा काही बोलला नाही. टांगेवाला मात्र बोलला, आणि ती कॅसेट साधनासमोर लावण्यासारखी राहिली नाही.

पीठ सैल असेल, अशी शंका रमेला कधीमधी यायची. पण सासूच्या पिठाला नाव ठेवण्यापेक्षा घोड्याला दोष देणं सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर रमेला अनारशाचं एवढं दुःख नव्हतंच. तिला प्रेमला हवी होती. या गावात शेजार चांगला होता, डावीकडे तेलुगू, उजवीकडे बंगाली, पलीकडे दर तिजाच्या सणाला ठेठरी-खुरमीचा फराळ आणून देणाऱ्या छत्तीसगढी बाई. पण शेगडीशी खांद्याला खांदा लावून माहेरच्या बोलीत सासूची नक्कल करायला प्रेमलाच लागायची. ती गेल्यापासून रमा फराळ करत होती खरी, पण दिवाळीचा मजूर असावा तशी करत होती. आता साधनाचं लग्न ठरलं होतं. मांडवात काकू नसेल या विचाराने रमेला रात्री घास उतरत नसे.

यंदा दसऱ्यालाच तुळसाबाईंनी जाहीर करून टाकलं होतं, "घरात अनारसा फुटला त मी लग्नाची तारीख काढू देनार नाई. घोडा आना." म्हणून बाबारावांनी चरोद्याला दूध घालणाऱ्या फकिराजवळ निरोप दिला, "शामरावले सांग, मायनं आठवन केली." फकिरा फाटकाबाहेर पडल्यावर रमा पदर सावरत त्याच्या सायकलमागे धावली होती. "अन प्रेमलाले सांग, ताईनं बलावलं. घोडा नाई आला तरी चालते, पन तिले पाठवा."

आता तीन वाजून गेले होते. बाहेरच्या खोलीत साधनाने टीव्ही लावला होता आणि त्यावर शेवयांच्या पाकिटाची जाहिरात लागली होती. पोरं शाळेतून येतात, आई वाफाळत्या वाट्या पुढे करते.

"आजी, देखो ना," साधना म्हणाली. "इसमें कोई घोडा-विडा नहीं. पानी उबालो, खा लो."

"हे का जाहिरात हाये?" तुळसाबाई म्हणाल्या. "सासू कुठं हाये यात? सासू नाई, कोनी रडत नाई, काई नाई. लेकरं येते, खाते, जाते. आमच्या टायमाले कंपनीवाले घरातलं दुःख समजत होते."

फाटक वाजलं. बाबाराव मागच्या पेरूपाशी होते, तिथून धावत आले आणि फाटकाच्या चार पावलं अलीकडे थांबून पेरूकडेच निघाल्यासारखे वळले. शामराव आला होता. पांढरा गणवेश, बगलेत गुंडाळलेल्या झेंड्या, गळ्यात शिट्टी. ड्युटीवरून थेट आला होता की मुद्दाम तसा आला होता, हे त्याचं त्याला माहीत. त्याच्या मागे पिशवी घेऊन प्रेमला होती. थोडी जाड झाली होती, केस कानशिलाशी पांढरे झाले होते.

रमा तुळसाबाईंना ओलांडून गेली. सासूला ओलांडायची तिची ही पहिलीच वेळ. पायरीवरच तिने प्रेमलाचा हात धरला आणि सहा वर्षांचं सगळं एकदम ओठांवर आलं. निघालं ते एवढंच, "लोकलले गर्दी होती का?"

"होती ना, ताई. पावर हाऊस टेसनावर उतराले जागा नाई," प्रेमला म्हणाली आणि तिचेही डोळे भरले.

आत दोघे भाऊ भिंतीकडे बघून बोलत होते.

"माय, तू बलावलं म्हनून आलो," शामराव म्हणाला. "बाकी कोनाशी माह्यं काई काम नाई. अन आधीच सांगतो. मी घोडा होनार नाई."

"मंग आला कायले?" बाबारावांनी भिंतीला विचारलं.

"स्वार व्हाले."

"माय, त्याले सांग, बावन वर्षाचा मानूस घोडा होत नसते. माह्या गुडघ्यात पानी झालं."

"माय, त्याले सांग, पंचेचाळीस वर्षाचाही होत नसते."

"आपन साधनाले करू ना," रमा मध्ये पडली.

"मैं नहीं बनूंगी!" बाहेरून आवाज आला.

"लग्नाच्या पोरीले घोडा करतं का?" तुळसाबाई ओरडल्या. "अन तो व्याही येऊन राहिला! काय म्हनन तो?"

"मी सांगतो तोड," शामराव म्हणाला. "अर्धं गानं मी स्वार, अर्धं गानं दादा."

"म्हंजे मधातच घोडा बदलाचा? जाहिरातीत बदलते का?"

"जाहिरातीत स्वार बुटका होता! मीच बुटका हाये!"

"जाहिरातीत घोडा कसा उभा होता हे तरी आठवते का तुले? सहा वर्ष खिंकाळला नाई, पाठ वाकाची विसरला असशीन. हा, असा उभा होता."

बोलता बोलता बाबाराव खरंच खाली बसले. दोन्ही हात फरशीवर टेकवले, मान ताणली, आणि घोड्याची मान कशी हवी हे भावाला दाखवायला डावीकडे वळवली. त्या वळवलेल्या मानेच्या रेषेत उघडं दार होतं, आणि दारात काळी टोपी घातलेले गुलाबराव मास्तर उभे होते.

ते दुर्गच्या मोहन नगरातले निवृत्त हेडमास्तर. साधनाचे होणारे सासरे. वेळेच्या आधी आले होते, कारण ते नेहमीच वेळेच्या आधी येत.

"नमस्कार," ते म्हणाले.

"या, या," बाबाराव खालूनच म्हणाले. उठावं तर गुडघा उठू देईना.

साधना धावत आत आली. रमेला वाटलं, झालं, मोडलं लग्न. पोरीचा बाप फरशीवर चार पायांवर, काका गळ्यात शिट्टी घालून समोर, आणि आजी डबा कवटाळून दारात. हे घर बघून कोण सून नेईल?

"काही हरवलं काय?" मास्तरांनी विचारलं.

"बटन," बाबाराव म्हणाले.

"सदऱ्याचं बटन," शामरावने लगेच दुजोरा दिला आणि तोही खाली बसून फरशी चाचपू लागला. सहा वर्षांत दोघा भावांचं हे पहिलं एकमत.

"अरे, मग असं शोधून कसं सापडेल? पद्धतशीर शोधावं लागते." मास्तरांनी टोपी काढून साधनाच्या हातात दिली, धोतर आवरलं, आणि ते गुडघ्यांवर आले. "तुम्ही पलंगाकडची बाजू घ्या. गार्डसाहेब, तुम्ही दाराकडची. मी मधली घेतो."

तीन पोक्त माणसं चार पायांवर खोली पिंजू लागली. साधना टोपी तोंडावर धरून खिडकीकडे वळली. प्रेमलाने रमेचा दंड इतक्या जोरात दाबला की रमेला हसू दाबता येईना. वर रडूही येत होतं. मास्तर पलंगाखाली मान घालून म्हणाले, "रंग कोणता होता?" आणि बाबाराव म्हणाले, "पांढरा," आणि शामराव म्हणाला, "काळा."

तुळसाबाईंनी डबा दाणकन खाली ठेवला.

"बटन-बिटन काई नाई, व्याहीबुवा. घोडा शोधून राहिले. अनारशासाठी."

मास्तरांनी पलंगाखालून मान बाहेर काढली. टकलावर कोळ्याचं जाळं लागलं होतं. रमेने डोळे मिटून घेतले.

"घोडा?" ते म्हणाले. "अनारशाचा घोडा? म्हणजे ते टॉकीजमधलं? रूठी सास और टूटा अनरसा?"

बाबारावांनी खालूनच मान हलवली.

"कौन बचाए, किसका भरोसा!" मास्तरांनी गुडघ्यांवर बसल्या बसल्याच सूर लावला, आणि तो अगदी बरोबर लागला. "अहो, काय जाहिरात होती! आम्ही मंडळी दुर्गहून सिनेमा पाहायला नाही, ती जाहिरात पाहायला येत होतो. पांढरा घोडा होता."

"काळा होता," शामराव म्हणाला.

"चित्रच काळंपांढरं होतं, तुले रंग कसा दिसला?" बाबाराव म्हणाले.

"मंग मास्तर, तुमाले तरी पांढरा कसा दिसला?"

"स्वाराले मिशा होत्या," बाबाराव म्हणाले.

"मिशा घोडा छापच्या पुडीवर होत्या. स्वाराले फेटा होता."

"मास्तर, तुमीच सांगा," बाबाराव म्हणाले, "स्वार मोठा होता का नाई? म्हंजे वयानं? थोरल्या भावासारखा?"

"स्वाराचं काय घेऊन बसले," मास्तर म्हणाले. "गंमत तर शेवटी होती ना! स्वार खाली उतरतो आणि सासू घोड्यावर बसते. सून लगाम धरते. म्हातारी अनारसा खात खात दाराबाहेर निघून जाते. माझी बायको ती म्हातारी पाहूनच हसत होती. ती वारली, तेव्हापासून मी कोणाला ते गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले. जाळं पुसत असल्यासारखं केलं, पण डोळेच पुसले.

"सासू?" बाबाराव म्हणाले. "सासू कुठं बसते? घोडा खिंकाळला की खतम होते."

"तुमी शिट्ट्या मारत बाकावर चढत होते," तुळसाबाई म्हणाल्या. "मी बसून पाहत होती."

सगळे त्यांच्याकडे वळले. तुळसाबाईंनी कोणाकडेच पाहिलं नाही. त्या डब्याच्या झाकणाशी बोलत होत्या.

"दर साली वाटे, आता हे दोघं मले बसवतीन. मी पदर खोचून, चष्मा काढून तयार राहो. अन दर साली तो खिंकाळला की तुमी सारे कढईवर जाऊन पडा. मंग दोघं भांडले, मी घोडा नाई, तू घोडा नाई. घोड्यावर बसनार कोन, हे मले कोनी इचारलं? सासू मी होती ना?"

खरंच की! रमेला आठवलं. दरवर्षी गाणं सुरू झालं की सासूबाई चष्मा काढून पदर खोचायच्या, आणि खिंकाळणं झालं की पुन्हा चष्मा लावायच्या. तुपाची वाफ लागते म्हणून काढत असतील, असं रमेने धरून टाकलं होतं. तेरा वर्षं ही बाई आपल्या पाळीची वाट बघत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, याची रमेला मनापासून लाज वाटली.

शामरावने गळ्यातली शिट्टी काढली, झेंड्यांबरोबर टेबलावर ठेवली आणि तो बाबारावांच्या शेजारी फरशीवर आला.

"दादा, सरक जरा. मायचं वजन तुले एकट्याले झेपनार नाई."

"तुह्या बाजूचा गुडघा धड हाये माहा. ह्या अंगाले ये."

"एका सुरात खिंकाळाचं का मागंपुढं?"

"आधी तू. तुह्या गळ्यात जोर हाये." बाबाराव अंग चोरून सरकले. "मले तसं जमलंच नाई कधी. मी लय पायलं करून."

मग हालचालीला वेग आला. प्रेमलाने तूप तापायला ठेवलं. हेडमास्तरांनी सूत्रं हातात घेतली. दोघा भावांच्या पाठींवर जेवायचा पाट आडवा ठेवला, त्यावर गोधडी घातली. साधनाने आजीला एका बाजूने धरलं, मास्तरांनी दुसऱ्या बाजूने. तुळसाबाईंनी चष्मा काढून साधनाकडे दिला, पदर खोचला, आणि हातात झारा घेऊन त्या पाटावर चढल्या. पूर्वी घोड्याच्या वेळी यायचा तसा पिठाचा डबा त्यांच्या हातातून सुटून ओट्यावर आला.

"चला," मास्तर म्हणाले. "सूनबाई कोण? रडायला घ्या. एक, दोन..."

रमेने सवयीने पदर डोळ्यांना लावला. गाणं सुरू झालं. मास्तर गात होते, दोन्ही घोडे गात होते, सगळ्यांत मोठ्याने तुळसाबाई गात होत्या आणि झाऱ्याने तालात थोरल्या घोड्याच्या खांद्यावर मारत होत्या. गोधडी सरकायला लागली म्हणून साधना ओरडली, "आजी, पकड के!" कधी नव्हे ते रमेला पदराआडून बघावंसं वाटलं. सासूबाई घोड्यावर कशा दिसतात ते बघायला तिने पदर थोडा खाली केला.

पण तिची नजर आधी ओट्यावर गेली.

प्रेमला सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, त्यातून कागदाची पुडी काढली आणि सासूबाईंच्या डब्यात कोरडं तांदळाचं पीठ ओतलं. हात भराभर चालत होता. पीठ मळलं, बोटाने दाबून पाहिलं, अजून एक चिमूट घातलं, लिंबाएवढा गोळा घेतला, खसखशीवर थापला. गाण्याच्या तिसऱ्या ओळीला तिने अनारसा तुपात सोडला आणि शेगडी बारीक केली.

"घोड़ा आया, पुड़िया लाया," सगळे गात होते.

मग शामराव खिंकाळला. सहा वर्षांचं साठलेलं खिंकाळला. त्याच्या मागोमाग बाबाराव, आणि त्यांच्याही मागोमाग, कोणी सांगितलं नसताना, हेडमास्तर. पलीकडच्या क्वार्टरमधलं कुत्रं भुंकू लागलं. दोन घोडे आईला घेऊन वीत वीत पुढे सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी आले, आणि तुळसाबाईंनी पाटावरूनच मान लांब करून कढईत पाहिलं.

अनारसा अख्खा होता. जाळी पडली होती.

"पाहा!" त्या म्हणाल्या. "मी म्हनत नव्हती? सासू बसल्याशिवाय जमतच नाई. इतके दिवस तुमी अर्धंच करत होते."

"बरोबर आहे," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पूर्ण केलं पाहिजे. मार्गशीर्षातली तारीख काढा. आणि लग्नात, व्याहीबुवा, वरातीत..."

"घोडा आमी नाई," दोघं भाऊ खालून एकदम म्हणाले.

आजीला उतरवायची, गुडघे सरळ करायची आणि चष्मा परत चढवायची गडबड बाहेर सुरू झाली. रमा ओट्यापाशी गेली. प्रेमलाने पुडीचा कागद मुठीत चुरगाळला होता. तिने रमेकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"दर साली?" रमेने हळूच विचारलं.

"लग्न होऊन आली तवापासून. दोघा भावांचं ध्यान घोड्याकडे, मायचं ध्यान घोड्याकडे, तुमचा पदर डोळ्यावर. गूळ लय घालते ना त्या. सांगावं कोनं?"

रमा कढईकडे बघत राहिली. दुर्गचा टांगा, प्लांटचा भोंगा, फुटलेले अनारसे, तुळसाबाईंची पडलेली तोंडं, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. तिला राग आला, हसूही आलं.

"अवं पन मले त सांगाचं! फकिरा रोज जाते चरोद्याले. एका शब्दाचं काम होतं, पीठ घाला म्हनून. सहा वर्ष आमी घोडा धुंडत बसलो."

प्रेमलाने कालथ्याने अनारशावर तूप उडवलं, तो अलगद उचलून चाळणीत उभा ठेवला आणि दुसरा गोळा हातात घेतला.

"सांगतलं असतं, ताई," ती म्हणाली. "पन मंग तुमचे अनारसे जमले असते. अन आमाले कोनी बलावलं असतं का?"

 रमा शेगडीपासून हातभर बाजूला सरकली, प्रेमलाला पूर्वी लागायची तेवढी जागा तिने करून दिली, आणि खसखशीची ताटली दोघींच्या मध्ये ओढून घेतली.